वाळलेलं फूल

१२ फेब्रुवारी

बाई,

खाली सही पाहून पत्र टाकून द्याल, म्हणून वरच सांगतो. तुमचा मुलगा ज्या दुधाच्या गाडीखाली गेला, तिचा मी ड्रायव्हर. नमस्कार लिहायला तोंड नाही, म्हणून लिहिला नाही.

माफी मागायला लिहीत नाही. ती कोर्टात मागितली, तुम्ही तोंड फिरवलंत, आणि ते बरोबरच होतं. काम वेगळं आहे. त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी होती. मला इथे तुरुंगात आणलं तेव्हा ती कपड्यांबरोबर गेटवर जमा झाली आणि दोन वर्षं तिथेच पडून राहिली. यंदा मला बागेच्या कामावर घातलंय. शिपायाच्या हातापाया पडून ती मागून घेतली. आत झेंडूचं बी आहे. वर पेन्सिलीने 'मोठा, केशरी' एवढंच लिहिलंय. अक्षर तुमच्या मुलाचं असणार.

भिंतीलगतचा एक वाफा मला दिलाय. पेरू का? बी जास्त जुनं झालं की उगवत नाही, असं इथला न्हावी म्हणतो. मला स्टिअरिंगपलीकडे काही येत नाही. तुम्ही नको म्हणालात तर पेरणार नाही.

ड्रायव्हर


२० फेब्रुवारी

ड्रायव्हर,

तुम्हांला 'तू' म्हणावं इतकीही ओळख मला नको आहे, म्हणून 'तुम्ही' लिहिते. त्याचा मान वाटून घेऊ नका.

पुडी तुमच्या खिशात गेलीच कशी? माणूस रस्त्यावर पडलेला असताना त्याचे खिसे चाचपलेत? मी इस्त्रीचं काम करते. लोकांच्या खिशात राहिलेली चिठ्ठीसुद्धा घडीवर ठेवून परत देते. आणि तुम्ही दोन वर्षं मूग गिळून बसलात, आता एकदम फुलांची गोडी लागली. का लागली ते न कळायला मी काल जन्मलेली नाही. वर्षाअखेरी तुमच्या सुटकेची सुनावणी आहे. तिथे मेलेल्याच्या घरच्यांना विचारतात, वकिलाने मला सांगून ठेवलंय. आधी घर उजाड करायचं आणि मग दारात फुलं घेऊन यायचं, ही बरी रीत आहे.

पेरू नका. पुडी आहे तशी परत पाठवा. माझ्याकडे त्या बियांचा डबा भरलेला आहे, मला तुमच्या चिमटीची गरज नाही. पण माझं ते माझं.

आणि 'तुमचा मुलगा, तुमचा मुलगा' काय लिहिता? सगळी गल्ली त्याला गोंड्या म्हणायची, त्या फुलांवरून. ज्याला मारलंत त्याचं नाव तरी माहीत असू द्या.

गोंड्याची आई


१४ मार्च

बाई,

पत्रं इथे ऑफिसात वाचून मग देतात. तुमचं पत्र काल हातात पडलं. तोवर उत्तर नाही म्हणजे हरकत नाही असं समजून मी बी पेरून बसलो होतो. चूक झाली. उकरून काढलं असतं, पण उगवलंय. पुडीतलं बरंचसं मेलेलं निघालं, थोडी रोपं वर आली आहेत.

खिसे मी चाचपले नाहीत. मी खाली उतरलो तेव्हा गोंड्या शुद्धीवर होते. पाऊस होता. त्यांनीच पुडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही भिजू देऊ नका." दुसरं काही बोलले नाहीत. मी ती खिशात घातली. मला डुलकी लागली होती हे कोर्टात कबूल केलंय, त्यात फिरवाफिरव नाही. पुडीचं कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगितलं असतं तर नाटक वाटलं असतं.

रोपं उंच उंच होतात आणि आडवी पडतात. पाणी सकाळ-संध्याकाळ घालतो. दोन तर बुडाशी काळी पडून मेली. काय चुकतंय?

ड्रायव्हर


१९ मार्च

ड्रायव्हर,

गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. तो उठून नाही म्हणायला येत नाही. "भिजू देऊ नका" म्हणे. शेवटच्या घटकेला माणूस आईला हाक मारतो, बियांची काळजी करत नाही. पुन्हा हे लिहिलंत तर पत्र न वाचता शेगडीत जाईल.

पाणी कसलं घालताय, आंघोळ घालताय की काय? झेंडू पाण्याने मरतो, तहानेने सहसा मरत नाही. माती वरून सुकली की मगच घालायचं, तेही बुडाशी, पानांवर नाही. उंच होऊन पडतात कारण उजेड नाही. भिंतीची सावली असणार. चार-सहा पानं आली की उघड्यावर हलवा, ऊन दिवसभर लागेल अशा जागी, आणि लावताना देठ पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा. भिऊ नका, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. दोन रोपांत हातभर अंतर सोडा. शेणखत बेतानं, नाही तर नुसता पाला माजतो.

हे तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. रोपं माझ्या मुलाची आहेत, तुम्ही त्यांना मारू नये म्हणून लिहिलंय. एकदा झालं तेवढं पुरे.

गोंड्याची आई


२७ एप्रिल

बाई,

सांगितलंत तसं केलं. उन्हातला वाफा मिळवायला बागेवरच्या शिपायाची विनवणी करावी लागली, पण मिळाला. पाच रोपं तगली आहेत. देठ अंगठ्याएवढा जाड झालाय, प्रत्येकाला काठी बांधली आहे. न्हावी येता-जाता म्हणतो, "काय सासरेबुवा, पोरी केव्हा उजवणार?" तो माझ्याच बराकीत आहे, सगळ्यांच्या दाढ्या करतो, त्याच्या जिभेला वस्तऱ्यासारखीच धार आहे.

पानं चुरली की हाताला वास राहतो. तो धुऊन जात नाही. तुमच्या घरात हा वास असणार, असं वाटलं आणि हात पाठीमागे घेतले.

आता शेंड्याला मोठी कळी आली आहे, आणि पानापानाच्या बेचक्यात लहान कळ्या. सगळ्या ठेवायच्या का?

ड्रायव्हर


६ मे

ड्रायव्हर,

ठेवू नका. शेंड्याची एक ठेवायची, बाजूच्या वाटाण्याएवढ्या झाल्या की चिमटीत धरून खुडायच्या. मला ते कधी जमलं नाही. मी म्हणायची, अरे, येताहेत ती येऊ देत बिचारी. तो म्हणायचा, "आई, सगळ्यांना जेवायला बसवलंस तर कुणाचंच पोट भरणार नाही." दिवसभर सायकली दुरुस्त करायचा, आणि आला की काळ्या हातांनीच परसात जाऊन कळ्या खुडायचा. शाळेत होता तेव्हापासून दर वर्षी सगळ्यांत मोठं फूल निवडून त्याचंच बी धरायचा. त्या दिवशी तो नर्सरीवाल्याला ते बी दाखवायलाच निघाला होता. मी म्हटलं होतं, पाऊस थांबू दे.

आता एक लिहिते. लिहू नये असं वाटत होतं, पण न लिहिलं तर तुम्ही खेळ समजाल. माझ्याकडे डबा नाही. तो गेला त्याच महिन्यात मी परसातलं रोप न् रोप उपटलं आणि बियांचा डबा शेगडीत उपडा केला. तो नाही तर त्याची फुलं कशाला, असं डोक्यात बसलं होतं. सुक्या बियांना जळायला कितीसा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी राख चाळत बसले होते.

तेव्हा तुमच्या वाफ्यात आहे तेवढंच आहे. जगात दुसरीकडे कुठे नाही. आणि ते तुमच्या हातात आहे, हे माझं नशीब.

फूल उमललं की सगळ्यांत मोठं कुठलं ते बघा आणि देठाला दोरा बांधा. ते तोडायचं नाही. कोमेजलं तरी नाही, तपकिरी झालं, मान टाकली, कुरूप दिसायला लागलं तरी नाही. फुलाखालची हिरवी वाटी सुकून खडखडीत झाली की आत बी तयार. गच्च फुलात बी कमी असतं, म्हणून घाई करू नका. पाऊस लागू देऊ नका. मोठं फूल पाणी धरून ठेवतं आणि आतून सडतं.

सुनावणीचा कागद आला आहे. 'सुटकेला हरकत आहे किंवा नाही' एवढंच त्यावर लिहायचं आहे. तो मी घड्याळामागे खोचून ठेवलाय. अजून काही लिहिलेलं नाही.

गोंड्याची आई


२२ जून

बाई,

फुलं आली. सगळ्यांत मोठं माझ्या ताटलीएवढं नाही, पण पाण्याच्या वाडग्यावर झाकण म्हणून बसेल एवढं आहे. केशरी. भिंतींना चुना आणि आम्हांला राखाडी कपडे, त्यामुळे त्या रंगाकडे पाहिलं की डोळे दुखतात. न्हावी दाढ्या तशाच सोडून आला आणि फुलाशी उकिडवा बसला.

दोरा बांधलाय. बाकीची तोडून शिपायांनी साहेबांच्या टेबलावर नेली, त्याला मी हरकत घेतली नाही. दोऱ्याचं आता कडेनं सुकायला लागलंय. पाऊस आला की त्यावर माझा पाण्याचा मग पालथा घालून ठेवतो. त्यासाठी हजेरीला उशीर झाला आणि शिव्या खाल्ल्या.

पुढच्या महिन्यात वरचे मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. दगडांनासुद्धा रंग चाललाय.

कागदाबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो. तुम्हांला मनापासून वाटेल ते लिहा. फुलाचा आणि त्याचा संबंध लावू नका. मी फूल जपतोय ते सुटण्यासाठी नाही. खरं सांगायचं तर सुटायला मला भीती वाटते. बाहेर रस्ते आहेत.

बी तयार झालं की लगेच कळवतो.

ड्रायव्हर


१५ जुलै

ड्रायव्हर,

वाटी सुकली का? दाबून पाहा, मऊ लागली तर थांबा. उलट टपाली कळवा. हल्ली टपालवाला गल्लीत शिरला की इस्त्री उभी करून दारात जाते. परवा एकाचा सदरा करपला.

परसातली माती खणून ठेवली आहे. दोन वर्षं तिकडे मी पाऊल टाकलं नव्हतं.

गोंड्याची आई


८ ऑगस्ट

ड्रायव्हर,

तुमचं पत्र नाही. म्हटलं ऑफिसात अडकलं असेल. म्हटलं आजारी असाल. माझं मन किती मूर्ख, तुमच्यासाठी सबबी शोधत होतं.

आज कपडे बांधायला रद्दी काढली, तर त्यात तुमच्या बागेचा फोटो. मोठे साहेब मधोमध, हारीने उभे शिपाई, पायाशी वाफे. वाफे कसे, न्हाव्याने भांग पाडावा तसे. मी भिंग लावून पाहिलं. एक वाळकं पान नाही. कुठे एक तपकिरी फूल नाही. काठ्यासुद्धा काढलेल्या. खाली लिहिलंय, बाग पाहून साहेब खूश झाले.

म्हणजे कापलंत. साहेबाला वाळलेलं दिसू नये म्हणून कापलंत. सगळं सांगितलं होतं तुम्हांला, जगात दुसरीकडे नाही म्हणून सांगितलं होतं. साहेब खूश झाले की सूट मिळते, हे मला कुणी शिकवायला नको. आणि तोंड दाखवायला जागा नाही म्हणून पत्र नाही.

माझ्या मुलाला तुम्ही एकदा झोपेत मारलंत. त्याची शिक्षा भोगताय, मी काही म्हणत नव्हते. या वेळी तुम्ही जागे होतात.

घड्याळामागचा कागद काढला. 'हरकत आहे' असं लिहून मघाशीच पोस्टात टाकून आले. आता पुन्हा लिहू नका.

गोंड्याची आई


१० ऑगस्ट

मावशी,

मी न्हावी. ड्रायव्हरने माझ्याबद्दल लिहिलं असेल, काय लिहिलं देव जाणे. परवा मी सुटलो. बाहेर आल्यावर पहिलं काम म्हणून हे लिहितोय, कारण त्याला सध्या पत्र लिहायची बंदी आहे. तो वेगळ्या कोठडीत आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी हुकूम झाला, वाळलेली फुलं सगळी काढा, बाग ताजी दिसली पाहिजे. याने सगळं साफ केलं, एक सोडून. शिपाई म्हणाला, तेही. हा म्हणाला, वाटी अजून हिरवी आहे, आठवडाभर थांबा. शिपायाला वाटलं हा थट्टा करतोय. अहो, एवढ्या सुंदर बागेत एक मेलेलं फूल, आणि हा कात्री टाकून त्याच्यापुढे उभा. मी लांबून खुणा केल्या, अरे गाढवा, वर्षाअखेरी सुनावणी आहे तुझी, काप आणि मोकळा हो. ऐकेल तर शपथ. मग काठ्या पडल्या. एक मनगटावर पडली, ते मोडलं. रोप उपटायला आले तेव्हा याने ते फूल दुसऱ्या हाताने खुडलं आणि शर्टात घातलं. मार चालू असताना तो छाती झाकत होता, डोकं नाही.

कोठडीत भिंतींना ओल आहे. तिथे काहीही ठेवलं तरी बुरशी धरते. म्हणून ते फूल त्याने दिवसरात्र अंगाशी धरलं, आतल्या बनियनमध्ये. स्वतःच्या उबेनं वाळवलं. मी दाढी करायला जायचो तर पहिला प्रश्न, "बाहेर पाऊस आहे का?" सुटायच्या आधी शेवटची दाढी केली तेव्हा त्याने ते माझ्या साबणाच्या डब्यात टाकलं. डबा आधी पुसून घ्यायला लावला. दोनदा.

सोबतच्या पुडीत आहे ते सगळं तेच. मी उघडून पाहिलं, माफ करा. काळ्या सुया आणि पिवळट शेपट्या. मला वाटलं काहीतरी मोठं असेल. एवढ्यासाठी माणूस हात मोडून घेतो, हे मला तरी कळलं नाही. तुम्हांला कळत असेल.

न्हावी


२ सप्टेंबर

बाई,

काल बंदी उठली. तुमची दोन्ही पत्रं एकदम मिळाली. लिहू नका म्हणालात तरी एकच विचारायचं आहे म्हणून लिहितो. अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने काढलंय.

कागदाबद्दल मनाला लावून घेऊ नका. ऑफिसात मला दाखवला. तुम्ही जे वाचलंत त्यावर कुणीही तेच लिहिलं असतं. आता बागेचं काम गेलं, मला कोठारात पोती मोजायला बसवलंय. मनगट वाकडं जुळलंय. स्टिअरिंग हातात धरता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, त्यांना वाटलं मला वाईट वाटेल.

फक्त एवढं कळवा. पुडी कोरडी पोचली का?

ड्रायव्हर


११ सप्टेंबर

पुडी कोरडी पोचली.

तुझ्या मित्राचं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी माझा कागद सुनावणीच्या ऑफिसात पोचला होता. मी इस्त्री बंद ठेवून तिथे गेले. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, तो परत द्या, चुकून लिहिलाय. तो म्हणाला, आजी, इथे आलेला कागद परत जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की हरकत आली म्हणजे यंदाची सुटका बाद, पुढची सुनावणी दोन वर्षांनी, तेव्हा कागद पाठवू नका, स्वतः या. मी येईन. जिवंत असले तर चालत येईन. पण ही दोन वर्षं मी तुझी खाल्ली, आणि ती भरून द्यायला माझ्याकडे काही नाही. फोटो पाहिला, भिंग लावून पाहिला आणि तरी आंधळीच राहिले.

तू वाकडं मनगट घेऊन "मनाला लावून घेऊ नका" लिहितोस. इतकं चांगलं वागू नकोस रे, मला ते सोसत नाही. मला अजून तुझा राग येतो. सकाळी उठल्यावर येतो, सायकलची घंटा ऐकली की येतो. तो जाईल असं वाटत नाही. तो राहील आणि मी तुला पत्र लिहीन, दोन्ही चालेल.

एक गोष्ट मी खोटी ठरवली होती. तो "भिजू देऊ नका" म्हणाला, ते खरं आहे. कपडे पिळून तशीच ओल्या हातांनी मी डब्याजवळ गेले की वर न बघता तो हेच म्हणायचा, "भिजू देऊ नकोस." मलाच म्हणायचा. तुझं पत्र वाचलं तेव्हाही ओळखलं होतं. ओळखलं म्हणून चिडले. शेवटचं वाक्य तुझ्या वाट्याला गेलं, माझ्या नाही, हे मला सहन झालं नव्हतं.

बी थोडंच आहे. त्यातलं काही पोचट आहे, वाटी हिरवी असताना खुडली त्याला तू काय करणार. पण भरलेलं आहे ते चांगलं भरलंय. निम्मं या पाकिटात घालतेय. पत्र वाचणाऱ्या साहेबांनी काढून घेऊ नये, झेंडूचंच आहे, हुंगून पाहावं. सगळं एकाच घरात ठेवायची चूक मी एकदा केली आहे. बाग पुन्हा मिळेल तेव्हा पेर. नाही मिळाली तर कोठाराच्या दाराशी डब्यात पेर, ऊन मात्र बघ. कळ्या खुडायला डावा हात पुरतो.

आणि नीट ऐक. पुढच्या वर्षी पुन्हा कुणी साहेब येतील, आणि पुन्हा कुणी म्हणेल, हे वाळलेलं फूल काप. तेव्हा मुकाट्याने कात्री घे आणि काप. त्यांच्यासमोर काप. बी माझ्याकडे आहे.

गोंड्याची आई